प्रार्थनेचा विषय

३ फेब्रुवारी, सोमवार

काल उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "ताई, पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी उपदेशाआधी थोडा वेळ तुम्ही बोला. विषय, नम्रता." मी म्हटलं, मी काय बोलणार, मी साधी कापड कापणारी बाई. दोनदा नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं असतं तर ते खरंच दुसऱ्या कुणाला विचारायला गेले असते.

म्हणून ही वही. रोज सुचेल ते लिहायचं आणि शेवटी त्यातून भाषण बेतायचं.

पहिला मुद्दा: नम्र माणूस रुसून बसत नाही. हा मुद्दा कुठून सुचला ते भाषणात सांगता येणार नाही, इथे लिहिते. माझी सख्खी धाकटी बहीण माझ्याशी बोलत नाही. बरं, ती दूर कुठे राहत असती तर एक वेळ चाललं असतं. आम्ही दोघी दिवसभर एकाच खोलीत असतो, माझ्या घराच्या पुढच्या. खिडकीशी माझं कापायचं टेबल, भिंतीशी तिचं मशीन, मध्ये इस्त्री. मी कापते, ती शिवते. सध्या आमचं संभाषण असं: "चॉक." "दोरा." "गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक आलं की मात्र तिच्या तोंडातून साखर गळते. गेलं की पुन्हा मशीन.

आणि माझा गुन्हा काय? तर मी प्रार्थना केली. बायकांच्या प्रार्थनासभेत पाळकबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, कुणाचा काही प्रार्थनेचा विषय आहे का. मी म्हटलं, माझ्या मेहुण्यांसाठी प्रार्थना करा, त्यांचं मन ठीक नाही. मेहुणे म्हणजे मास्तर. घरी मुलांना पियानो शिकवतात आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. बरेच महिने झाले, त्यांना उदासीचा आजार जडला आहे, गोळ्या चालू आहेत. धाकटीने मला सांगितलं होतं, मी देवाला सांगितलं. आता देवाला सांगायचीही चोरी!

५ फेब्रुवारी, बुधवार

मुद्दा दुसरा: नम्र माणूस आपल्याविषयी बोलत नाही. चांगला आहे. पण हा घेतला तर मी बोलू काय?

दुपारी वकीलबाई काळ्या कोटाचं कापड घेऊन आल्या. चांगलं जड कापड आहे, कडा सुटत नाहीत. मापं मी घेतली, धाकटीने लिहून घेतली. तेवढ्यापुरती ती माझ्याकडे बघत होती. खांदा सांगितला, बाही सांगितली, आणि शेवटी हळूच म्हटलं, "चहा घेतेस?" तिने तेही लिहून घेतलं आणि मग खोडलं. वकीलबाई हसल्या. ती नाही हसली.

९ फेब्रुवारी, रविवार

आजच्या गायनाबद्दल काय लिहावं! मास्तर येईनासे झाल्यापासून ऑर्गन बंद आहे आणि झाकणावर कुणीतरी फुलदाणी ठेवली आहे. सूर कोण धरणार? दातवाल्या बाई. त्यांचा नवरा दातांचा डॉक्टर, म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. त्यांनी पहिलाच सूर असा वर लावला की दुसऱ्या कडव्याला पुरुषमंडळी थांबली, तिसऱ्याला बायका थांबल्या आणि शेवटी त्या एकट्याच स्वर्गात पोचल्या. माझं डोकं उठलं. एका माणसाच्या रुसव्यापायी सगळ्या मंडळीच्या उपासनेचं मातेरं! मास्तरांना हे कळू नये?

ते कधीपासून येत नाहीत तेही लिहून ठेवते. माझ्या त्या प्रार्थनेनंतरच्या रविवारी दातवाल्या बाई सरळ ऑर्गनपाशी गेल्या, मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, आता तो नळ बंद करा आणि प्रभूला हाक मारा." मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं. धाकटीकडे पाहिलं. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी गीताच्या पुस्तकात पान शोधत होते.

नळाचं असं आहे की मास्तरांना रडू आवरेनासं झालं की ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात. शिकायला आलेल्या मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. धाकटीने हे मला एकदा इस्त्री करता करता सांगितलं होतं, मान वर न करता. प्रार्थनासभेत मी तेही सांगितलं. इतकं बारीक सांगायची गरज नव्हती असं आता वाटतं. पण मोघम सांगितलं तर बायका मोघमच प्रार्थना करतात.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. द्राक्षारसाचा पेला फिरत धाकटीपाशी आला तेव्हा तिने न पिताच पुढे दिला. मला फार लागलं ते. मनात अढी असली की पिऊ नये म्हणतात. एवढी अढी! आणि नम्रतेवर बोलायचं कुणी, तर मी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे एरवी जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलत नाहीत. आज मी धाकटीचं गाऱ्हाणं सांगत होते, तर घास खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तू देवाला सांगितलंस की बायकांना?"

मी म्हटलं, "देवाला. बायकांसमोर."

"देवाला नळाचं आधीच माहीत होतं," म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.

या माणसाने सगळा संसार मुक्याने केला आणि बोलायला मुहूर्त मिळाला तो हा. मी उठून भांडी आपटली. ह्यांच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक फजिती झाली. वकीलबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. कापड दुहेरी घालून कापायचं हे नव्याने शिकायला आलेल्या पोरीलाही कळतं. मी एकेरी घालून एकदा कापलं, नमुना उलटायला विसरले आणि दुसऱ्यांदा तसंच कापलं. मन थाऱ्यावर नाही, दुसरं काय.

धाकटी बाही जोडायला बसली तेव्हा तिला कळलं. ती काही बोलायच्या आतच वकीलबाई कोट घालून पाहायला आल्या. एकच बाही लागलेली पाहून त्यांनी भुवया चढवल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "हिचं लक्ष नाही हल्ली. घरची काळजी आहे ना."

धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढल्या आणि डबीत ठेवल्या. कोट पुढच्या आठवड्यात देऊ असं वकीलबाईंना तीच म्हणाली, आणि ते काळं कापड आणायला दुकानात तीच गेली. मी "पैसे मी देते" म्हटलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बघा, चांगलं वागायला जावं तरी हे असं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांनी आज जाहीर केलं, येत्या रविवारी प्रभुभोजन. त्याआधी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने ते सरळ करून यावं. माझ्याकडे पाहून म्हणाले असं मला वाटलं. पण त्यांची नजरच तशी आहे, सगळ्यांनाच तसं वाटतं.

ठरवलं, मोठ्या बहिणीने मोठेपणा घ्यावा. उद्या मीच पुढाकार घेईन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घेतला पुढाकार. सकाळी दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "तुला माझ्यामुळे काही वाईट वाटलं असेल तर मला माफ कर बाई. आपण मोठ्या मनाने विसरून जाऊ."

ती म्हणाली, "बॉबिन."

मी बॉबिन दिलं. आणखी काय करायचं माणसाने? पाय धरायचे?

दुपारी मात्र जे झालं त्याने मला बसल्या जागी घाम फुटला. शेजारच्या गल्लीतली एक आई मुलाचा गणवेश घ्यायला आली. पँटची लांबी बघता बघता मला म्हणाली, "तुमचे आभार मानायचे राहिलेच हो. तुम्ही सभेत सांगितलंत, ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं, म्हणून कळलं. मी पोराला पियानोच्या क्लासातून लगेच काढलं. बाकीच्यांनीही काढलं म्हणे. बरं झालं, मास्तरांनाही विश्रांती." भिंतीशी माझी बहीण बसली आहे, ती मास्तरांची बायको आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. गणवेशाची घडी माझ्या हातून नीट होईना.

डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं होतं, काहीही सुटलं तरी वाजवणं आणि शिकवणं सोडू नका, तुम्ही त्याच आधारावर उभे आहात. हेही धाकटीनेच मला सांगितलं होतं. हे मी प्रार्थनासभेत सांगितलं नाही. सांगण्यासारखं हेच होतं, आणि हेच मला त्या वेळी आठवलं नाही. ऑर्गन गेला, आता मुलंही गेली. मग ते दिवसभर करतात काय? धाकटीला विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पोटाचं निमित्त करून लवकर घरात आले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

माझी चूक झाली. लिहिलं एकदाचं.

आणि हे लिहिल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नम्रतेवर मुद्दे कसले गोळा करत बसले होते मी! रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यायची. काही लपवायचं नाही. नमुन्याच्या जाड तपकिरी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काढलं, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. सुरुवात प्रार्थनासभेपासून. मग मास्तरांचा आजार, नळ, ऑर्गन, मुलं गेली ते, डॉक्टर काय म्हणाले ते. शेवटी "मी पापी आहे, मला क्षमा करा" आणि तिथे थोडं थांबायचं. वाचताना मला स्वतःलाच हुंदका आला. आरशासमोर पुन्हा वाचलं, पुन्हा त्याच जागी आला.

हे दारात उभे होते. म्हणाले, "हुंदका जरा उशिरा घे. शब्द कळत नाहीत."

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाळकसाहेबांना सांगून आले. वाटलं होतं, त्यांना गहिवरून येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलावरची पेन्सिल सरळ केली, आणि विचारलं, "मास्तरांना विचारलंत का?"

मी म्हटलं, "माफी मागायला परवानगी लागते?"

"माफीला नाही लागत," म्हणाले. "बाकीच्याला लागेल."

तरुण आहेत. कोड्यात बोललं की खोल वाटतं असा त्यांचा समज दिसतो. मी कबुली द्यायला निघाले आहे आणि हे फाटे फोडताहेत! तडक परत आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वकीलबाई कोट न्यायला आल्या. कोट अंगावर सुरेख बसला, धाकटीच्या हाताला तोड नाही. मी मनाशी म्हटलं, रविवारच्या आधी सराव होईल, आणि घसा खाकरून बोलले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. बाह्या हिने नाही, मी चुकीच्या कापल्या होत्या." एवढ्याशा वाक्याला माझे कान तापले. हे आरशासमोर झालं नव्हतं.

वकीलबाई आरशात खांदे बघत होत्या. म्हणाल्या, "कुणी का कापेनात. सोमवारी मला कोर्टात उभं राहायचंय. खिशाला झाकण नाही का लावलं?"

झालं. संपली कबुली. कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. पण धाकटीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

संताप संताप झाला आहे. तरी लिहिते.

धाकटी कॉलरचा नमुना शोधत होती. मी भाषण नेमकं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. तिने गुंडाळी उलगडली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, वाचेल, रडेल आणि माझ्या गळ्यात पडेल.

वाचून झाल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला, त्यावर कात्री ठेवली आणि इतक्या आठवड्यांनी पहिलं धड वाक्य बोलली. "ताई, पाप तुझं. त्यातही माझंच बाथरूम लागतं का गं तुला?"

मी म्हटलं, "अगं, मी माफी मागतेय त्यात!"

"कुणाची? त्या दिवशी एका खोलीतल्या बायकांना कळलं. उद्या राहिलेल्यांना कळेल. तू रडशील, सगळ्या येऊन तुला मिठी मारतील, घरी जाऊन म्हणतील, काय धीराची बाई! आणि मास्तरांनी काय करायचं? घरात बसून नळ सोडायचा?"

माझा तोल गेला. "मग मी करू तरी काय? बोलले तरी पाप, गप्प बसले तरी पाप! तूच सांग, मी करू काय?"

"माझं घर तुला माहीत आहे," ती म्हणाली. "दुसरा मजला. हे सगळं झाल्यापासून तू एकदाही आली नाहीस. तिथे ऐकायला मास्तर असतील, मी असेन, आणखी कुणी नसेल. तेवढ्यावर भागेल का तुझं?" आणि पर्स उचलून निघून गेली.

मी रागाच्या भरात कागदाचे तुकडे तुकडे केले. मग आठवलं, मागे कॉलरचा नमुना होता.

संध्याकाळ उलटून गेली, राग उतरत नाही. तिने माझ्या तोंडावर असं बोलावं! मी मोठी आहे. आणि ती म्हणाली त्यातलं खोटं काय आहे ते शोधत बसले आहे. अजून सापडलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझं नाव पुकारल्यावर पुढे गेले. सगळे बघत होते. धाकटी मागच्या बाकावर एकटीच होती, तिने दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरली होती. मी म्हटलं, "नम्रतेवर मी बोलू शकत नाही. मी हो म्हणायला नको होतं. माझं एक काम राहिलंय, ते आधी करायला हवं." आणि जागेवर येऊन बसले.

सुटले असं वाटलं. कसली सुटते! दातवाल्या बाई मागून कुजबुजल्या, "हीच, हीच ती खरी नम्रता!" दोघीतिघींनी डोळे पुसले. पाळकबाईंनी माझा हात दाबला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बायांनो, तसं काही नाहीये, आणि ओरडले असते तर तेही त्यांना नम्रच वाटलं असतं. जीभ दातांखाली धरून बसले. पेला आला, तो मी पुढे दिला. धाकटीनेही दिला असणार. मी वळून पाहिलं नाही.

हे म्हणाले, "येऊ का सोबत?" मी नको म्हटलं.

जिना चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. दार मास्तरांनीच उघडलं. किती वाळलेत! पियानोवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी बसलेच नाही, बसले असते तर इकडचं तिकडचं बोलत राहिले असते.

म्हटलं, "मास्तर, तुम्ही रडता ते बायकांना मी सांगितलं. नळाचंही मीच सांगितलं. प्रार्थनेसाठी सांगितलं असं मी सगळ्यांना सांगत आलेय, स्वतःलाही. ते खरं नाही. त्या सगळ्या आपापलं काहीतरी सांगत होत्या, आणि माझ्याकडे त्या सगळ्यांपेक्षा मोठं काहीतरी होतं, म्हणून मी ते सांगितलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा मला बरं वाटलं. तुमचं मी फार वाईट केलं."

हे शेवटचं मी ठरवून गेले नव्हते. बरं वाटलं होतं, हे मला ते बोलताना कळलं.

हुंदका इथे यायला नको होता, पण आला, आणि आरशासमोरचा नव्हता. त्या दोघांसमोर रडून त्यांच्याकडून समजूत काढून घ्यायची मला लाज वाटली. "बाथरूम कुठे आहे?" म्हटलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. आत जाऊन कडी लावली आणि नळ सोडला. तो हळू सोडून भागत नाही, बाहेर ऐकू जातं. पूर्ण सोडावा लागतो. हे मला सभेत कुठे माहीत होतं!

बाहेर आले तर धाकटी टॉवेल घेऊन उभी होती. मग मास्तर बोलले. फार नाही बोलले.

काय बोलले ते लिहायला सुरुवात केली होती. अर्धी ओळ झाली होती. खोडली आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

धाकटी बोलायला लागली. इतकी बोलायला लागली की गप्प होती तेच बरं होतं असं म्हणायची पाळी आली. कॉलरचा नमुना फाडला म्हणून पहिलं. मग बाह्या. मग मी लहानपणी तिच्या बाहुलीचे केस कापले होते ते. मग मी कुणाचं ऐकूनच कसं घेत नाही ते. मी नवीन नमुना आखत ऐकून घेतलं. निदान तीन ठिकाणी माझ्याकडे चोख उत्तर तयार होतं. दिलं नाही. किती जड जातं हे, कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

मास्तर कसे आहेत ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. निघताना म्हणाली, "उद्या मला उशीर होईल. पियानोवरचे कपडे आवरायचेत."

दुपारी दातवाल्या बाईंचा फोन आला. "अहो ताई, काल तुम्ही म्हणालात ना, काम राहिलंय, ते कुठलं हो? मास्तरांकडे गेला होतात म्हणे. काय झालं? नाही, मी आपली प्रार्थनेचा विषय म्हणून विचारतेय."

धाकटीचं मशीन थांबलं होतं.

मी म्हटलं, "विषय आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा."

"करते ना! पण म्हणजे नेमकं काय मागू?"

"मोघमच मागा," म्हटलं, आणि फोन ठेवला.